फुकटच्या गाण्यांची सावड

 

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ही बाई बचत गट सोडून भलतीकडंच निघाली. पण शेवटपर्यंत ऐका. गोष्ट अमेरिकेला जाऊन फिरून आपल्या गटाच्या दप्तरापाशीच येणार आहे.

गेल्या पावसाळ्यात एका गटाची मासिक बैठक चालली होती. सचिव ताईंनी बचत मोजली, वहीत लिहिली आणि माहिती भरायला फोन काढला, तर नेट संपलेलं. ताई वैतागल्या. म्हणाल्या, "रोज सकाळी नवं नेट मिळतं आणि दहाच्या आत उडून जातं. मी तर फोनला हातसुद्धा लावत नाही." त्यांचा मुलगा अकरावीत शिकतो. त्याला बोलावलं. तो म्हणाला, "मी एकच पिक्चर उतरवला, तोही चार दिवसांपूर्वी." फोन उघडून बघितला, तर एक ॲप मागं चालूच होतं. पिक्चर येऊन चार दिवस झाले होते, पण आता तोच पिक्चर या फोनमधून कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांकडं जात होता.

त्याच फोनमध्ये गटातल्या अकरा जणींच्या आधार कार्डांचे फोटो होते. पासबुकाची पानं होती. बँकेचे ओटीपी त्याच फोनवर येत होते. ते ॲप आणखी काय काय बघत होतं, हे मुलाला ठाऊक नव्हतं आणि ताईंनाही नव्हतं. खरं सांगते, ते मलाही ठाऊक नव्हतं. आणि गटाचे कागद फोनमध्ये कसे ठेवायचे, हे त्या ताईंना मीच शिकवलं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. एखादी गोष्ट उमगली नाही की ती सुरू कुठून झाली ते आधी शोधायचं, ही सवय मला कॉलेजात लागली. तसंच या गोष्टीचं मूळ शोधायला मी बसले. जे हाती लागलं, ते आज तुम्हाला सांगते.

आधी आपल्या ओळखीचा एक शब्द घेऊ. सावड. एकट्याच्या बैलांवर औत चालत नाही, म्हणून दोघं-तिघं एकत्र येतात. आज तुझं रान, उद्या माझं. खुरपणीला बायकाही सावड करतात. पैसे कुणी कुणाला देत नाही, पण जो घेतो त्याला द्यावंही लागतं. इंटरनेटवर गाणी आणि पिक्चर एकमेकांत वाटून घ्यायची जी पद्धत निघाली, ती म्हणजे अशीच एक सावड. गाणं कुठल्या एका दुकानात ठेवलेलं नसतं. ते हजारो लोकांच्या घरच्या संगणकांत असतं. मी तुझ्या संगणकातून घ्यायचं, तू माझ्यातून घ्यायचं.

ही सावड पहिल्यांदा मोठी झाली १९९९ साली. अमेरिकेत बोस्टन शहरात शॉन फॅनिंग नावाचा १८ वर्षांचा कॉलेजातला मुलगा होता. त्यानं नॅपस्टर नावाचा प्रोग्रॅम तयार केला. त्याआधी एमपीथ्री ही पद्धत निघालेली होती. तिनं गाण्याची फाइल इतकी लहान केली, की फोनच्या तारेवरूनही ती पाठवता येऊ लागली. नॅपस्टरनं पुढचं काम केलं. कुणाकडं कोणतं गाणं आहे, याची यादी त्यानं एका जागी ठेवली. गाणी लोकांच्या घरी, यादी मात्र नॅपस्टरकडं. आपल्याकडं ऊसतोडीला मुकादम असतो ना, कोणती टोळी कोणत्या फडात ते त्याला ठाऊक असतं, तसंच. दोन वर्षांच्या आत कोट्यवधी लोक या सावडीत आले.

लोकांना वाटलं, आपण घरात बसून गाणं घेतोय, आपल्याला कोण बघतंय? खरं नाव कुणीच लिहीत नव्हतं. प्रत्येकानं एक टोपणनाव घेतलेलं. आणि टोपणनाव घेतलं म्हणजे आपण झाकलेले, असा सगळ्यांचा समज होता.

तो समज मोडला मे २००० मध्ये. मेटालिका नावाचं एक मोठं वाद्यवृंद पथक आहे. त्यांचं एक गाणं बाजारात यायच्या आधीच नॅपस्टरवर फिरायला लागलं. त्यांनी खटला भरला. मग त्यांचा ढोलवादक लार्स उलरिक नॅपस्टरच्या कचेरीत गेला तो खोकीच्या खोकी कागद घेऊन. त्या कागदांवर तीन लाखांहून जास्त टोपणनावं छापलेली होती. कुणी कुणी आमची गाणी वाटली, त्यांची ती यादी. आणि ही यादी जमवायला कुणाच्या घरात शिरावं लागलं नव्हतं. त्यांनी नेमलेली माणसं दोन-तीन दिवस त्याच सावडीत जाऊन बसली आणि कोण काय देतंय ते लिहून घेत राहिली. बस, एवढंच.

मैत्रिणींनो, इथं एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यावरच उभा आहे. सावडीला येणारा लपून येऊ शकत नाही. कुणाच्या रानात कोण राबतंय, हे बांधावरून जाणाऱ्याला दिसतंच. आणि बांधावर कोण उभं आहे, हे खाली मान घालून खुरपणाऱ्या बाईला दिसत नाही.

गाण्याच्या कंपन्यांनी नॅपस्टरवरही खटला भरला होता. २००१ साली कोर्टाच्या हुकमानं मुकादमाची यादी बंद झाली आणि जुलै महिन्यात नॅपस्टर थांबलं. पण तोवर लोकांना चटक लागली होती. बिनमुकादमाच्या सावडीही तोवर निघाल्या होत्या. नुटेला, लाइमवायर, कझा अशी त्यांची नावं. त्यांत मधली यादीच नव्हती. एका संगणकानं शेजारच्याला विचारायचं, त्यानं त्याच्या शेजारच्याला. आता कोर्ट बंद करणार तरी कुणाला?

कंपन्यांनी मग मुकादमाचा नाद सोडला आणि थेट गड्यांनाच धरलं. ८ सप्टेंबर २००३ या एकाच दिवशी त्यांच्या संघटनेनं २६१ जणांवर दावे लावले. त्यांत न्यूयॉर्कमधल्या सरकारी चाळीत राहणारी १२ वर्षांची एक मुलगी होती. जगभरच्या वर्तमानपत्रांत तिची बातमी आली. दुसऱ्याच दिवशी तिच्या आईनं दोन हजार डॉलर द्यायचं कबूल करून प्रकरण मिटवलं. म्हणजे त्या वेळच्या भावानं नव्वद हजार रुपयांच्या आसपास. मूल गाणं ऐकत बसलं होतं आणि पैसे भरले आईनं.

टोपणनावावरून त्यांनी घर कसं शोधलं? हे नीट समजून घेऊ. इंटरनेटवरून काहीही मागवायचं तर ते कुठं पाठवायचं, हे समोरच्या संगणकाला कळावं लागतं. पोस्टमनला पत्ता लागतो तसंच. म्हणून नेट देणारी कंपनी प्रत्येक जोडणीला एक आकडा देते. त्याला आयपी पत्ता म्हणतात. तुम्ही नाव काहीही घ्या, गाणं यायचं ते त्या आकड्यावरच येणार. सावडीत बसलेल्या माणसाला तो आकडा दिसतो. अमुक दिवशी, अमुक वाजता तो आकडा कोणत्या ग्राहकाकडं होता, हे नेट कंपनीच्या नोंदीत असतं. कोर्टाचा आदेश घेऊन कंपनीकडं गेलं, की आकड्याचं नाव होतं.

यावरही भांडण झालं बरं का. सुरुवातीला गाण्याच्या कंपन्या दावा न लावता, नुसता कोर्टाच्या कारकुनाचा शिक्का घेऊन नावं मागत होत्या. व्हेरायझन नावाच्या नेट कंपनीनं याला हरकत घेतली. डिसेंबर २००३ मध्ये वरच्या कोर्टानं व्हेरायझनचं म्हणणं मानलं. त्यानंतर गाण्याच्या कंपन्यांना आधी रीतसर दावा लावावा लागू लागला, न्यायाधीशापुढं जावं लागू लागलं. नाव ठाऊक नसलेल्या माणसावर तिकडं 'जॉन डो' या नावानं दावा लावतात. आपल्या देशातल्या कोर्टांत अशा बिननावाच्या माणसाला 'अशोक कुमार' म्हणायची पद्धत पडली आहे. म्हणजे माणसाचं नाव असं सहजासहजी कुणाला देऊ नये, त्याला एक उंबरठा असावा, हे लोकांनी भांडून मिळवलं. हा भाग मला फार मोलाचा वाटतो.

पण आकडा म्हणजे माणूस नव्हे, आणि त्यातून चुकाही झाल्या. मॅसॅच्युसेट्स राज्यात साठी उलटलेल्या एका निवृत्त बाईंवर दावा लागला, की तुम्ही रॅप गाणी वाटलीत. त्यांच्याकडं जो संगणक होता, त्याच्यावर तो कझा प्रोग्रॅम चालतच नव्हता. तो दावा मागं घ्यावा लागला. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात तर ८३ वर्षांच्या एका आजीवर दावा लागला आणि तो लागायच्या आधीच आजी वारलेली होती. एका जोडणीवर सगळं घर नेट वापरतं. आकडा घराचा कळतो, घरातला हात कुणाचा ते कळत नाही. आणि ज्याच्या नावावर जोडणी, त्याच्या दारात कागद येतो.

मिनेसोटा राज्यात ब्रेनर्ड नावाचं एक लहान शहर आहे. तिथल्या एका बाईंचं प्रकरण साऱ्या जगात गाजलं. एकटीनं मुलं वाढवणारी नोकरदार बाई. २००५ साली कंपन्यांच्या माणसांना कझाच्या सावडीत एक खातं दिसलं. त्यात सतराशेवर गाणी वाटायला उघडी होती. आकडा मिळाला, आकड्यावरून बाईंचं नाव मिळालं. त्यांनी "ते खातं माझं नव्हे" असं सांगितलं. पण त्या खात्याचं जे टोपणनाव होतं, तेच नाव त्या ईमेलला आणि इतर ठिकाणीही वर्षानुवर्षं वापरत होत्या. झाकायला घेतलेलं नावच साक्षीला उभं राहिलं.

इतर बहुतेक लोक पैसे भरून मोकळे झाले होते. या बाई कोर्टात लढल्या. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ज्युरीनं २४ गाण्यांसाठी २ लाख २२ हजार डॉलरचा दंड सांगितला. तेव्हाच्या भावानं ८५ ते ९० लाख रुपये. पुन्हा खटला चालला, २००९ साली रक्कम झाली १९ लाख २० हजार डॉलर. न्यायाधीशांनाच ती भयंकर वाटली, त्यांनी ती ५४ हजारांवर आणली. तिसऱ्यांदा खटला चालला, पुन्हा १५ लाख. शेवटी २०१२ साली वरच्या कोर्टानं परत २ लाख २२ हजारांवर नेऊन ठेवली, आणि २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. २४ गाण्यांपायी आठ वर्षं. असे दावे आणि धमकीची पत्रं मिळून सुमारे ३५ हजार लोकांपर्यंत पोचली आणि २००८ च्या अखेरीला कंपन्यांनी हा मार्ग सोडायचं जाहीर केलं.

आता कुणी म्हणेल, गाणं फुकट घेणं बरोबर होतं का? नाही. गाणाऱ्याचं, वाजवणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं ते राबणं आहे. आपल्या गटाच्या चटणीचं पाकीट कुणी आपलंच लेबल छापून विकलं, तर आपल्याला कसं वाटेल? तसंच ते. पण चूक आणि शिक्षा यांचा काही मेळ हवा, असं तिथल्या लोकांनाही वाटलं आणि मलाही वाटतं.

इथवरची गोष्ट पकडल्या जाण्याची झाली. पण मला ज्यानं झोप लागली नाही, ती गोष्ट वेगळी आहे आणि ती याहून कमी लोकांना ठाऊक आहे.

कझा आणि लाइमवायर यांत गाणी वाटायला संगणकातला एक कप्पा उघडा ठेवावा लागायचा. कोणता कप्पा, ते सुरुवातीला विचारलं जायचं. घाईघाईनं "हो, हो" दाबत जाणारे लोक कधी कधी सगळा संगणकच उघडा करून बसायचे. आपण पाहुण्याला ओसरीवर बसवावं आणि मागं माजघराचं, कोठीचं, तिजोरीचं दार सताड उघडं राहावं, तसं. २००२ साली नेथॅनियल गुड आणि आरोन क्रेकेलबर्ग या दोन संशोधकांनी कझाची परीक्षा घेतली. संगणक वापरता येणाऱ्या १२ लोकांना बसवलं आणि विचारलं, या घडीला या संगणकातलं काय काय बाहेरच्याला दिसतंय, सांगा. बारापैकी फक्त दोघांना बरोबर सांगता आलं. मग त्यांनी सावडीत गाण्यांऐवजी लोकांच्या ईमेलच्या फाइली शोधल्या. त्या सापडल्या. लोक गाणी वाटत होते आणि त्यांच्या नकळत घरची पत्रंही वाटत होते.

जिथं दार उघडं, तिथं चोर येतोच. सिएटल शहरातला एक माणूस या सावडींत गाणी शोधत नव्हता. तो लोकांचे कराचे कागद, कर्जाचे अर्ज शोधायचा. त्यांवरची नावं, नंबर घेऊन त्यानं दुसऱ्यांच्या नावानं क्रेडिट कार्डं काढली आणि माल मागवून विकला. २००७ मध्ये तो पकडला गेला आणि पुढच्या वर्षी त्याला ५१ महिन्यांची शिक्षा झाली. ज्यांच्या नावावर त्यानं खरेदी केली, त्यांनी काय केलं होतं? घरातल्या कुणीतरी गाण्यांसाठी एक प्रोग्रॅम टाकला होता, इतकंच.

त्याच वर्षी फायझर या मोठ्या औषध कंपनीत असंच झालं. एका कर्मचाऱ्याच्या घरी कंपनीचा लॅपटॉप होता. घरच्या जोडीदारानं त्यावर फाइली वाटायचा प्रोग्रॅम टाकला आणि सुमारे १७ हजार आजी-माजी कर्मचाऱ्यांची माहिती उघडी पडली. २०१० साली अमेरिकेच्या व्यापार आयोगानं जवळपास शंभर संस्थांना पत्रं पाठवली, की तुमच्या लोकांची, ग्राहकांची माहिती या सावडींत फिरते आहे, आवरा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोर्टानं लाइमवायर बंद करायला लावलं.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आपल्या सचिव ताई आल्या. तो लॅपटॉप कंपनीचा होता, हा फोन गटाच्या कामाचा. तिकडं जोडीदार, इकडं मुलगा. तिकडं सतरा हजार माणसं, इकडं अकरा बायका. पण त्या अकरा जणींनी आपले कागद विश्वासानं ठेवायला दिले होते.

आता शेवटची सावड, जी त्या मुलाच्या फोनमध्ये होती. तिला टोरंट म्हणतात. २००१ साली ब्रॅम कोहेन या माणसानं ती काढली, नाव बिटटोरंट. यात एका पिक्चरचे हजारो तुकडे करतात. तुकडे वेगवेगळ्या लोकांकडून येतात आणि तुमच्याकडं तुकडा आला की लगेच तो तुमच्याकडून दुसऱ्याकडं जायला लागतो. घेणं आणि देणं एकाच वेळी चालतं. पिक्चर पुरा झाला तरी ॲप बंद करेपर्यंत देणं चालूच राहतं. ताईंचं नेट दहाच्या आत उडत होतं, ते इथं.

आणि कोण घेतंय, कोण देतंय, हे एकमेकांना कळल्याशिवाय तुकडे जुळत नाहीत. म्हणून प्रत्येकाचा आकडा प्रत्येकाला दिसतो. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी पाहणी केली. त्यांना आढळलं, की खूप लोक घेत असलेला एखादा पिक्चर तुम्ही उतरवायला घेतला, तर तीन तासांच्या आत पाळत ठेवणारं कुणीतरी तुमचा आकडा टिपून घेतं. बांधावर माणसं उभीच असतात.

काही लोक म्हणतात, तोंडावर पदर घेऊन जाऊ, म्हणजे मधे दुसऱ्याच संगणकाचा आडोसा घेऊ. टोर नावाचा असा एक आडोसा आहे. पण २०१० मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की तोंड झाकलं तरी टोरंटचा प्रोग्रॅमच आतून आपला खरा आकडा बोलून दाखवतो. टोर चालवणाऱ्यांनी स्वतःच लोकांना सांगितलं, की यासाठी हा आडोसा वापरू नका. पदर घेतला, पण हाक मारल्यावर "ओ" दिली, तर पदराचा काय उपयोग?

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या ६३ व्या कलमात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. धंद्यासाठी, नफ्यासाठी केलं नसेल, तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. अमेरिकेसारखे घरोघरी दावे आपल्याकडं लागले नाहीत. इथं जास्त भर त्या त्या वेबसाइट बंद करण्यावर राहिला. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर एका हिंदी पिक्चरचं प्रकरण आलं. तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं, की नुसतं बघणं हा गुन्हा नव्हे. परवानगीशिवाय वाटणं, लोकांना दाखवणं, भाड्यानं देणं किंवा विकणं हा गुन्हा. ऐकायला सोपं वाटतं. पण मघाशी काय बघितलं आपण? टोरंटमध्ये घेणारा प्रत्येक जण त्याच क्षणी वाटणाराही असतो. त्या मुलाला वाटत होतं, मी फक्त बघतोय. त्याचा फोन चार दिवस वाटत होता.

आणि आपली माहिती आपली आहे, हेही आपल्या देशात आता पक्कं झालं आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की खासगीपण हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदाही झाला. हक्क कागदावर आला, पण फोनचं दार आपणच लोटून घ्यायला हवं.

मी त्या ताईंकडं परत गेले. मुलाला रागावले नाही. त्यालाच शेजारी बसवून ही सगळी गोष्ट सांगितली. त्या १२ वर्षांच्या मुलीचं ऐकून तो गप्प झाला. मग त्यानंच ते ॲप उघडून दाखवलं. ते प्ले स्टोअरमधून घेतलेलं नव्हतं. मित्रानं पाठवलेली एपीके फाइल होती. टोरंटची रीतसर ॲपं फक्त तो पिक्चरच वाटतात. पण या ॲपनं फोटो, मेसेज, संपर्क, सगळ्याची परवानगी मागितली होती आणि मुलानं "हो, हो" करत दिली होती. कझाच्या वेळचीच चूक, वीस वर्षांनी, आपल्या वाडीत. आजकाल लग्नपत्रिका म्हणून, योजनेचा अर्ज म्हणून अशा एपीके फाइली व्हॉट्सॲपवर येतात आणि उघडल्या की ओटीपी चोरीला जातात. पोलीस वारंवार सावध करतात ते यासाठीच.

आम्ही ते ॲप काढून टाकलं, बँकेचा पिन बदलला. मग जे अवघड होतं ते केलं. पुढच्या बैठकीत मी आणि सचिव ताईंनी अकरा जणींना खरं काय झालं ते सांगितलं. सांगायला नको, असं दोघींनाही आधी वाटलं होतं. पण ज्यांचे कागद, त्यांना कळायलाच हवं. एक मावशी रागावल्या. म्हणाल्या, "आमचा अंगठा तुमच्याकडं दिला, तो असा उघड्यावर ठेवायचा का?" त्यांचं बोलणं रास्त होतं. मी माफी मागितली. प्रत्येकीनं बँकेत जाऊन आपापलं पासबुक भरून आणलं. सुदैवानं कुणाचे पैसे गेलेले नव्हते.

त्या दिवशी इतिवृत्तात जे ठराव लिहिले, ते वाचून दाखवते. गटाचे कागद ज्या फोनमध्ये आहेत, तो फोन पिक्चरसाठी मुलांना द्यायचा नाही. काम झालं की आधार कार्डांचे फोटो फोनमधून काढून टाकायचे, कागद कपाटात. ॲप घ्यायचं ते प्ले स्टोअरमधूनच, आणि ते काय काय बघायला मागतंय ते वाचल्याशिवाय "हो" दाबायचं नाही. वाचता येत नसेल तर वाचणारीला विचारायचं, त्यात लाज नाही. पैसे गेल्याचं दिसलं तर बैठकीची वाट न बघता लगेच १९३० या नंबरवर फोन करायचा आणि बँकेला कळवायचं. सगळ्यांच्या सह्या झाल्या. ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे उठले. मावशींनी अंगठा उठवला आणि शाई पुसत म्हणाल्या, "आता हा नीट सांभाळा."

तुमच्या गटाचे कागद कुणाच्या फोनमध्ये आहेत, हे या महिन्याच्या बैठकीत एकदा विचारा. उत्तर काय आलं, ते आम्हाला रेडिओवर कळवा. पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर रामराम.